कोरम

ग्रामसेवक म्हणून माझी बरीच वर्षं मुरबाड तालुक्यात गेली. गावात सगळे मला भाऊसाहेब म्हणत. ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिणं माझ्याकडे असे. म्हणून देशोदेशींच्या लोकशाहीला गुण देणाऱ्या तक्त्यांवर वाद पेटला, की मला ते जाड रजिस्टर आठवतं. 2021 साली स्वीडनच्या व्ही-डेम संस्थेनं भारताला ‘निवडणुका होतात, तरी एकाधिकारशाही’ अशा गटात टाकलं. सरकारनं ते नाकारलं. मला प्रश्न पडला, हे मोजतात कसं?

फिनलंडचे राज्यशास्त्रज्ञ तातू वान्हानेन यांचा हिशेब सोपा आहे. सर्वांत मोठ्या पक्षाची मतांची टक्केवारी शंभरातून वजा केली की उरते ती चुरस. एकूण लोकसंख्येतल्या किती टक्के लोकांनी मत दिलं, तो सहभाग. दोन्हींचा गुणाकार करून शंभरानं भागायचं. हा हिशेब गावाला लावला, तर बिनविरोध ग्रामपंचायतीला शून्य. आपल्याकडे मात्र बिनविरोधचा सत्कार होतो. मी दोन तऱ्हेची बिनविरोध गावं पाहिली. एका गावात सगळ्या वाड्यांची माणसं देवळात रात्रभर बसली आणि त्यांनी नावं ठरवली. दुसऱ्यात दोन घरांनी ठरवलं, बाकीच्यांची फॉर्म भरायची छाती झाली नाही. शून्य दोघांनाही सारखंच.

अमेरिकेत तयार झालेला ‘पॉलिटी’ हा तक्ता स्वित्झर्लंडला 1848 पासून सर्वोच्च 10 गुण देतो. तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं 1971 मध्ये. अपेनझेल इनररोडन या तिथल्या प्रांतात लोक अजून चौकात जमतात आणि हात वर करून निर्णय घेतात, थेट आपल्या ग्रामसभेसारखं. त्या चौकात बाईलाही हात वर करू द्या, असं न्यायालयाला 1990 साली सांगावं लागलं.

आमच्या मुरबाड-शहापूरच्या बायकांना 1951-52 च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीनं मत होतं. त्याआधी, इंग्रजांच्या 1919 च्या कायद्यात खेड्यातला मतदार म्हणजे मुख्यतः ठरावीक शेतसारा भरणारा. सातबाऱ्यावर नाव नसलेले ठाकूर, कातकरी आदिवासी त्यात कुठून येणार? पण जानेवारी 1945 मध्ये शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. डहाणू-उंबरगावकडचे वारली तिथं आले, आणि त्याच वर्षी वेठीविरुद्ध उठले. मताच्या आधी त्यांना आवाज फुटला. कुठल्याही तक्त्यात त्या परिषदेला गुण नाहीत.

मतदान झालं की लोकशाही संपत नाही, हे मला एका तहकूब सभेनं शिकवलं. ग्रामसभेला कोरम लागतो 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी असेल तो. कोरम नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. त्या दिवशी पंधरावीस माणसं होती. विहिरीची जागा ठरली, मी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं. कातकरीवाडीतली एक म्हातारी बाहेर ओट्यावर बसून होती. उठताना म्हणाली, “भाऊसाहेब, आमच्या वाडीला कोनी इचारलं?” माझ्या हातात पेन होतं. मी ‘सर्वानुमते’ खोडलं नाही. याची बोच अजून आहे.

तक्ते नकोत, असं मी म्हणणार नाही. ते नसतील तर प्रत्येक सत्ताधारी स्वतःच स्वतःला गुण देईल. व्ही-डेमनं तर 1789 पासूनच्या नोंदी जमवल्या, ते मोठं काम आहे. माझं मागणं एवढंच, की त्यात एक रकाना हवा: कोणाला विचारलं नाही? आमच्या रजिस्टरातही तो नव्हता.

वाडीला विचारायची वाट पुढे कायद्यानं काढली. 1996 मध्ये आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं या क्षेत्रात येतात. राज्याच्या 2014 च्या नियमांनी तिथल्या वाडीलाही ठराव करून स्वतंत्र गाव होण्याची, स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट दिली.

निवृत्तीनंतर अशाच एका वाडीच्या सभेला गेलो होतो. आंब्याखाली पंचवीसेक माणसं, निम्म्याहून जास्त बाया. ठराव लिहून झाला, रजिस्टर फिरत एका बाईपुढे आलं. कुणीतरी शाईचं पॅड सरकवलं. तिनं अंगठा मागे घेतला आणि लिहिणाऱ्या पोराला म्हणाली, “आधी वाचून दाखव.”

पोरानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.