मध्यावधीत पक्ष हरला, तर दोष नेत्यानं घ्यावा का?

आपल्याकडं मध्यावधी म्हटलं की सरकार पडलं, सभागृह बरखास्त झालं, असंच डोक्यात येतं. १९८० ची लोकसभा निवडणूक तशीच होती. अमेरिकेतली मध्यावधी वेगळी. तिथं राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षं, पण प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागांना आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांना दर दोन वर्षांनी मतदान होतं. म्हणजे मुदत निम्मी सरली की ठरल्याप्रमाणं नोव्हेंबरात निवडणूक येतेच. राष्ट्राध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं, तरी लोक राग त्याच्यावरच काढतात.

१९३४, १९९८ आणि २००२ सोडली, तर तेव्हापासून २०२२ पर्यंतच्या प्रत्येक मध्यावधीत सत्तेतल्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा घटल्या. समर्थक याचाच आधार घेतात, 'हे तर व्हायचंच होतं' म्हणतात. पण किती घटल्या, हे बघायला नको का?

२०१० मध्ये ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षानं ६३ जागा गमावल्या. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर त्यांनी मान्य केलं, की चांगलाच मार बसला. अर्थव्यवस्था पुरेशी सावरली नाही, त्याची जबाबदारीही घेतली. मात्र घरी बसले ते त्यांच्या आरोग्य विम्याच्या कायद्याला मत देणारे कितीतरी खासदार. निर्णय वरचा अन् पडतो खालचा! म्हणूनच वरच्यानं जबाबदारी घ्यायलाच पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

नुसतं तोंडानं घेऊनही भागत नाही. २००६ मध्ये इराक युद्धावरून लोक चिडलेले. रिपब्लिकन पक्षाची दोन्ही सभागृहं गेली. बुश यांनी पक्षाचे प्रमुख म्हणून आपला वाटा कबूल केला आणि त्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड जाणार असल्याचं जाहीर केलं. आठवडाभर आधी मात्र ते राहणार, असंच बुश सांगत होते. हीच गोष्ट मतदानाआधी केली असती, तर काही उमेदवार वाचले असते, अशी कुरबुर त्यांच्याच पक्षात झाली.

याच्या उलट २०१८. रिपब्लिकनांच्या ४० जागा घटल्या, पण सिनेटमध्ये दोन वाढल्या. ट्रम्प यांनी वाढलेल्यावरच बोट ठेवून मोठं यश मिळाल्याचं सांगितलं. पडलेल्यांपैकी काहींची नावं घेऊन, ते आपल्यापासून लांब राहिले म्हणून पडले, असंही सुनावलं.

महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला भाजप २३ वरून ९ जागांवर आला, तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनी जबाबदारी घेत उपमुख्यमंत्रिपदातून मोकळं करण्याची मागणी पक्षाकडं केली होती. पक्षानं ती मानली नाही. ती मध्यावधी नव्हती, पण प्रश्न तोच.

खुर्ची सोडल्याचं उदाहरण १९९८ चं आहे. विरोधातल्या रिपब्लिकनांच्या जागा वाढायच्या सोडून पाच कमी झाल्या. सभापती न्यूट गिंग्रिच यांच्यावर पक्षातलेच लोक उठले आणि निकालानंतर तीन दिवसांत त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या मतदारसंघातून ते निवडून आले होते, ती जागाही सोडली.