खुर्द्याची गणती

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले, त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना उत्तरेच्या वाटेवर असताना एका सावकारी पत्रातून कळली, ही हकिकत शाळेच्या पुस्तकातून आपण सर्वांनी वाचलेली आहे. पत्र सांकेतिक होते. दोन मोती गेले म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव गेले. मोहरा गेल्या म्हणजे नामांकित सरदार कामी आले. त्याखालच्या नाण्यांचा, रुपयांचा आणि खुर्द्याचा, हिशेब मात्र लिहिणाऱ्याने दिलाच नव्हता. तो गणतीपलीकडचा आहे, एवढेच त्याने कळविले होते. पेढीवर बसणाऱ्या माणसाला ही भाषा सहज सुचली असणार, आणि पेशव्यांना ती तत्काळ उमगली असणार. आम्ही अडखळतो ते शेवटच्या नाण्यापाशी. खुर्दा म्हणजे तांब्याची सुटी नाणी. हजारो घरांतून जो एकेक कर्ता मुलगा भाला घेऊन किंवा नुसता घोड्याला चंदी घालण्यासाठी उत्तरेस गेला, तो त्या पत्रात या नाण्यांत जमा झाला.

युद्धकवितेने सैनिकाचे दुःख कसे सांगितले, हा विषय मनात घेतला की आम्हाला आधी हा खुर्दा आठवतो. कवीला मोत्यांविषयी गाणे फारसे अवघड जात नाही. खुर्द्याविषयी गाताना त्याची परीक्षा होते.

आपल्या मराठीत युद्धकाव्याची परंपरा मोठी आहे, आणि ती पोवाड्याची आहे. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने, सिंहगडावर तुळसीदासाने डफ-तुणतुण्याच्या साथीने जे उभे केले, त्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. शाहिराचे कामच ते होते. ऐकणाऱ्याच्या मनगटात बळ यावे, हा त्याचा हेतू. म्हणून पोवाड्यात जखमा येतात, पण जखमेचा ठणका क्वचितच येतो. मरण येते, पण ते झटकन येते, आणि मरणाऱ्याला बहुधा नाव असते. कुसुमाग्रजांची प्रतापराव गुजरांवरची कविता घराघरांत गायिली जाते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सात जण शत्रूवर तुटून पडले. त्या सातांपैकी प्रतापराव सोडले तर उरलेल्या सहांची नावे परंपरेने सांगितली जातात, पण इतिहासकारांचे त्यांवर एकमत नाही. सातांतले सहा असे धूसर! मग हजारांची काय कथा?

यात आमच्या शाहिरांचाच दोष आहे असे कोणी समजू नये. जुन्या करारात दाविदाने शौल आणि योनाथान यांच्यासाठी केलेला विलाप जगातील थोर शोकगीतांत मोडतो. पण गिलबोवाच्या डोंगरावर त्या दिवशी जे सामान्य इस्राएली पडले, त्यांतल्या एकाचेही नाव त्या विलापात नाही. राजे आणि राजपुत्र यांच्यासाठी कवीने रडावे आणि इतरांसाठी त्यांच्या आयांनी, अशी ही जुनी वाटणी होती.

ती वाटणी मोडली १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात. त्या युद्धात आपल्या मुलुखाचा वाटा केवढा होता, हे मुंबईकरांच्या फारसे ध्यानात नसते. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून जे सैन्य इराणी आखाताकडे निघाले ते सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनचे. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कुलाबा या जिल्ह्यांतली ही मुले. बहुतेकांनी पगारपत्रकावर अंगठाच उठविलेला. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या एका गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. १९१७ साली १११ क्रमांकाची महार पलटण उभारण्यात आली. गरज सरताच, १९२१ पर्यंत, ती मोडूनही टाकण्यात आली. आज ज्या वस्तुसंग्रहालयात आपण मुलांना शिवकालीन तलवारी दाखवायला नेतो, त्या इमारतीत युद्धकाळात लष्करी इस्पितळ होते. संग्रहालय म्हणून ती खुली झाली ती १९२२ साली.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, त्या डिव्हिजनचे काय झाले? बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे नोव्हेंबर १९१५ मध्ये तिची गती खुंटली. जनरल टाउनशेंड मागे फिरून टायग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात शिरले, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला. तो जवळपास पाच महिने चालला. शिधा उतरत उतरत मूठभर पिठावर आला. घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. ते हिंदी शिपायांच्या घशाखाली उतरेना. धर्माला बाध येत नाही असे निरोप हिंदुस्थानातील धर्माचार्यांकडून मागविण्यात आले, तरी कितीतरी जण अखेरच्या आठवड्यांपर्यंत नाही म्हणत राहिले. गावी कळले तर जातीत घेतील का, मुलीचे लग्न जुळेल का, ही चिंता तोफेच्या गोळ्यापेक्षा मोठी होती. भाजीपाला नाही, मांस नाही, म्हणून हिरड्या सुजून दात हलू लागत. स्कर्व्ही या रोगाने सर्वाधिक हिंदी शिपायांनाच ग्रासले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. पुढे वाळवंटातून पायी मोसुलपर्यंत आणि तेथून रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. खुद्द टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर एका बंगल्यात सुखाने राहिले.

या कैदेचे अस्सल वर्णन एका हिंदी माणसाने लिहून ठेवले आहे. तो बंगाली आहे. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांनी आपली रोजनिशी फाडून बुटांत लपविली, पुन्हा लिहून काढली, आणि पुढे तिचे पुस्तक झाले. ते शिकलेले होते, म्हणून लिहू शकले. आमच्या कोकण्या शिपायाला ती सोय नव्हती. तो दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई, आणि ते पत्र सरकारी तपासनिसाच्या टेबलावरून जाई.

या तपासनिसांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी हॉवेल नावाचे अधिकारी नेमले होते. १९१५ च्या आरंभी त्यांनी वरिष्ठांना कळविले की, जखमी शिपायांची पत्रे अलीकडे कवितेकडे वळू लागली आहेत, आणि मनोधैर्य खचत चालल्याचे हे एक चिंताजनक लक्षण असावे. साहित्याच्या प्राध्यापकांनी कवितेविषयी पुष्कळ लिहिले आहे. पण या लष्करी माणसाइतके नेमके निदान आमच्या पाहण्यात नाही! सरळ गद्यात ‘आम्ही मरतो आहोत, आणखी कोणाला पाठवू नका’ असे लिहिले तर पत्र फाडले जाणार. मग शिपाई मिरचीविषयी लिही: काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून पुष्कळ आहे. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. पानिपताच्या सावकाराने नाण्यांची भाषा वापरली, या शिपायाने मसाल्याची. फरक इतकाच की या वेळी हिशेब खुर्द्यानेच मांडला होता.

आणि घरी? घरी जाते होते. आपल्या बायका पहाटे दळताना ओव्या म्हणत. दूरच्या भावाची, लेकाची वाट पाहणे हा ओवीचा कायमचा विषय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, ही मराठीवर केवढी उपकाराची गोष्ट आहे! शिपायाचे दुःख पोवाड्यात शोधणाऱ्याने एकदा जात्याकडेही कान द्यावा. तेथे मनगटे फुरफुरत नाहीत. तेथे पोराने पत्र का धाडले नाही, एवढेच विचारलेले असते. हीही युद्धकविताच आहे. लढाई जेथे पोहोचली त्या शेवटच्या घरात रचलेली.

इंग्रजीत मात्र हे दुःख खुद्द खंदकातून कागदावर उतरले. आयझॅक रोझेनबर्ग हा पूर्व लंडनच्या गरीब ज्यू वस्तीतला साधा शिपाई. पहाटे खंदकात हाताला लागलेल्या उंदरावर त्याने कविता लिहिली: हा उंदीर इंग्रजांच्याही हाताला स्पर्श करतो आणि पलीकडे जाऊन जर्मनांच्याही, शत्रू-मित्र हा भेद माणसांनाच ठाऊक. रोझेनबर्ग १ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या मर्ढेकरांनीही पिपात मेलेल्या उंदरांवर लिहिले. त्यांच्या कवितेत माणसाच्या सामूहिक, निनावी मरणाची सावली अनेक समीक्षकांनी पाहिली आहे. वीराच्या जागी उंदीर आला, यावरूनच काळ किती पालटला ते दिसते.

विल्फ्रेड ओवेन यांच्यापाशी आम्हाला अधिक थांबावेसे वाटते. सैन्यात जाण्यापूर्वी ते डन्सडेन या खेड्यात तेथल्या पाळकांचे मदतनीस होते. आजाऱ्यांना भेटत, मुलांना बायबल शिकवीत. विषारी वायूच्या हल्ल्यात मुखवटा वेळेवर न चढलेला एक सैनिक, हिरव्या धुरात बुडणाऱ्यासारखा तडफडणारा, त्यांनी एका कवितेत उभा केला आहे. त्याला गाडीत टाकून नेताना मागे चालणाऱ्या सोबत्याने जे पाहिले, जे ऐकले, ते ओवेन एकेक करून सांगतात: डोळे, चेहरा, फुप्फुसांतून येणारा आवाज. देशासाठी मरणे गोड आणि शोभिवंत असते, हे रोमन कवी होरेसचे वचन त्या कवितेच्या शेवटी खोटे ठरते. त्या सैनिकाला नाव नाही. पण वाचणारा त्याला विसरू शकत नाही, कारण त्याचे मरण झटकन येत नाही. पोवाड्याने जे गाळले होते, ते येथे आहे.

दुसरी एक कविता आमच्या ख्रिस्ती वाचकांना अधिक जवळची वाटेल. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील अब्राहाम आणि इसहाक ओवेन युरोपच्या खंदकात आणतात. देवदूत हाक मारतो, पोराऐवजी गर्वाचा मेंढा अर्पण कर म्हणतो. येथवर सारे ठाऊक असलेले. पण हा म्हातारा ऐकत नाही. तो पोराचा आणि त्याच्याबरोबर निम्म्या युरोपच्या पोरांचा बळी देतो. वयस्कांच्या अहंकारापायी तरुण मेले, हे सांगायला ओवेन यांना बायबलच हाताशी आले. ते स्वतः ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपायला सात दिवस उरले असता, मारले गेले. त्यांच्या आईवडिलांच्या हाती तार पडली ती ११ नोव्हेंबरला, तहाच्या घंटा वाजत असताना. पुढे त्या मातेने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून कळविले की, निरोप घेताना मुलाने त्यांच्याच ओळी म्हटल्या होत्या आणि त्याच्या खिशातल्या वहीतही त्या होत्या. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलशेजारी नवे मंदिर उभे राहिले, तेव्हा ३० मे १९६२ रोजी बेंजामिन ब्रिटन यांचे ‘वॉर रिक्विएम’ तेथे प्रथम गायिले गेले. त्यात मृतांसाठीच्या लॅटिन मिस्सेत ओवेन यांच्या कविता गुंफल्या आहेत. अर्पणविधीच्या प्रार्थनेत अब्राहामाला दिलेल्या वचनाचा उल्लेख येतो, आणि नेमकी तेथेच ही न ऐकणाऱ्या म्हाताऱ्याची कविता ठेवली आहे. उपासनेने कवितेला असा जाब विचारू दिला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आता आपल्या खुर्द्याकडे परत येऊ. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांना कबर लाभली नाही अशांसाठी १९२९ साली बसऱ्याला एक भव्य स्मारक उभारले गेले. चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा घातला. नावे नोंदवह्यांत होती. ती दगडावर घालण्याची गरज कोणाला वाटली नाही. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ सालच्या अहवालात हा भेदभाव उघड मान्य केला आणि त्यामागे वर्णद्वेष होता असे म्हटले. आमच्या मनात लगेच कोरेगाव भीमाचा स्तंभ येतो. १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या त्या दगडावर साध्या शिपायांची नावे आहेत. ‘नाक’ हे आदराचे पद जोडलेली महारांची नावे त्यात पुष्कळ. त्या लढाईच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो. जे कंपनी सरकारला शंभर वर्षे आधी जमले होते ते साम्राज्याला बसऱ्याला जमले नाही, हे मात्र खरे.

२ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी नाहूर परिसरातील आमची कुटुंबे आपापल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून देतात. त्या वाचताना वेळ फार जातो, अशी कुरकुर अधूनमधून आमच्या कानी येते. येऊ दे. एका चिठ्ठीवर नाव नव्हते. ‘आजोबांचे काका, बसऱ्याला वारलेले’ इतकेच होते. आम्ही ते तसेच वाचले.

ज्यांना अशी नावे प्रत्यक्ष पाहायची असतील त्यांना बसऱ्याला जायला नको. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे: सारंग, टिंडेल, बॉयलरपाशी राबणारे आगवाले, स्वयंपाकी. सैनिक म्हणून त्यांना कोणी गणले नव्हते आणि त्यांच्यावर कोणी पोवाडा रचला नाही. येथे मात्र त्यांची नावे आहेत. नाहूरहून धिमी गाडी थेट मस्जिदला थांबते.