गाडीमागून येणारी तीनचाकी

1930 च्या सुमारास अमेरिकेत मोटारगाडी गॅरेजमध्ये पोचवायची तर दोन माणसं अडकून पडत. गॅरेजचा फिटर ग्राहकाच्या घरी जाई तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून, आणि परतताना ग्राहकाची गाडी चालवत येई. काम झाल्यावर ती पोचती करायला पुन्हा तीच दोन माणसं. महामंदीच्या दिवसांत या दुसऱ्या माणसाची मजुरी गॅरेजवाल्यांना जड जाऊ लागली.

मंदीने मोटारसायकलवाल्यांचंही कंबरडं मोडलं होतं. 1929 मध्ये वीस हजारांहून अधिक गाड्या बनवणाऱ्या हार्ले-डेव्हिडसनचं उत्पादन 1933 मध्ये चार हजारांच्या आत आलं. हौसेने गाडी घेणारे उरले नव्हते, तेव्हा धंद्यासाठी गाडी लागणारं गिऱ्हाईक शोधणं भाग होतं. अशा गिऱ्हाइकासाठी 1932 च्या मॉडेलांमध्ये कंपनीने ‘सर्वी-कार’ आणली. पुढे एक चाक, मागे दोन, त्या दोहोंवर सामानाची पेटी, आणि 45 घनइंची, म्हणजे सुमारे 740 सीसीचं व्ही-ट्विन इंजिन.

तिची खरी करामत मात्र पुढच्या बाजूला होती. तिथे ओढण्यासाठी एक दांडा बसवलेला असे. फिटर एकटाच या तीनचाकीवरून ग्राहकाच्या दारी जाई, दांडा मोटारीच्या मागच्या बंपरला अडकवी आणि मोटारीत बसून गॅरेजकडे निघे. तीनचाकी मागून येई. दुरुस्त गाडी परत देताना पुन्हा तसंच टोचन लावायचं, गाडी ग्राहकाच्या हवाली करायची, दांडा सोडवायचा आणि तीनचाकीवर बसून परतायचं. दुचाकीला हे जमलं नसतं. स्वार उतरला की ती आडवी होते. तीनचाकी मात्र आपल्या पायांवर उभी राहते. इंडियन या प्रतिस्पर्धी कंपनीची ‘डिस्पॅच टो’ही याच कामासाठी होती आणि तिच्या नावातच ओढून नेण्याचा उल्लेख होता.

वाहतुकीचा प्रश्न इथे आराखड्याच्या कागदावरच सोडवलेला होता, म्हणून हे यंत्र मोठ्या कौतुकाला पात्र आहे. ते हलवायला वेगळा ट्रेलर लागत नव्हता, कारण ते स्वतःच ट्रेलर होऊ शकत होतं.

ओढण्याचा दांडा सगळ्याच सर्वी-कारांना नसे. ‘जीए’ हे मॉडेल सुरुवातीपासूनच दांड्याविना विकलं जाई. गॅरेजांची गरज ओसरली तरी गाडी टिकली ती मुख्यतः पोलिसांमुळे. पार्किंगवर नजर ठेवणाऱ्या शिपायाला सावकाश चालणारी, जागोजागी थांबणारी आणि थांबल्यावर पाय टेकावा न लागणारी गाडी हवी होती. बसल्या जागेवरून काठीला लावलेल्या खडूने उभ्या मोटारींच्या टायरवर खूण करायची, ठरलेल्या वेळेनंतर पुन्हा फेरी मारायची आणि खूण तशीच दिसली की दंड. 1964 मध्ये हार्लेने बटण दाबून सुरू होणारं इंजिन पहिल्यांदा दिलं ते याच गाडीला. दिवसभर किका मारणाऱ्यांचा त्रास त्यामुळे वाचला. 45 घनइंची इंजिन दुचाक्यांवरून 1950 च्या दशकात गेलं, सर्वी-कारवर ते 1973 पर्यंत राहिलं.

आपल्याकडे दिल्लीत महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले आणि इंडियन मोटारसायकलींना मागे प्रवासी डबा जोडून ‘फटफट सेवा’ चालली. तीही तीनचाकीच, पण ओढली जाण्यासाठी बांधलेली नव्हे.

2009 च्या मॉडेलांत हार्लेने ‘ट्राय ग्लाइड’ आणली तोवर तीनचाकी लांबच्या सहलीची गाडी झाली होती. वजन पाचशे किलोंच्या वर, मागची रुंदी सुमारे 139 सेंटीमीटर, आणि बंपरला अडकवायचा दांडा नाही. ज्या कामासाठी ही जात जन्माला आली, त्याच कामासाठी, म्हणजे मोटारीमागून जाण्यासाठी, तिला आता दुसऱ्या चाकांची, ट्रेलरची गरज पडू लागली.

तीनचाकी ट्रेलरवर चढवताना दुचाकीचा अनुभव फसवतो. दुचाकीच्या ट्रेलरवर मधोमध एक पन्हळ असते. तीनचाकीचं पुढचं चाक त्यात बसेल, पण मागची दोन चाकं बाहेर लोंबतील. म्हणून तिला सपाट, पूर्ण रुंदीचा तळ लागतो आणि चढवायला तेवढाच रुंद रॅम्प, नाहीतर तीन वेगळ्या फळ्या. पाच फुटी बंद ट्रेलर कागदावर 152 सेंटीमीटरचा. भिंतींची जाडी आणि दाराची चौकट वजा केली की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते. गाडीचं पोटही जमिनीलगत असतं, त्यामुळे उभ्या चढाच्या रॅम्पच्या माथ्यावर ते घासतं. लांब रॅम्प किंवा तळ जमिनीपर्यंत खाली येणारा ट्रेलर घेतला की ही अडचण मिटते.

वजनाचं गणित त्याहून महत्त्वाचं आहे. ट्रेलरच्या एकूण क्षमतेतून त्याचं स्वतःचं वजन वजा केल्यावर जे उरतं तेवढंच सामान त्यावर चढवता येतं. शिवाय भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यायला हवा. तो कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तीनचाकीचं बरंच वजन मागच्या आसावर असतं, त्यामुळे ती तोंड पुढे करून चढवली तर भार ट्रेलरच्या शेपटीकडे सरकतो. अशा वेळी गाडी जमेल तितकी पुढे घ्यावी, नाहीतर उलटी चढवावी.

पट्टे बांधतानाही हेतू बदलतो. दुचाकी पडू नये म्हणून पुढचं सस्पेन्शन दाबून पट्टे ताणतात. तीनचाकी पडत नाही, घसरते. म्हणून तिच्या तिन्ही टायरांवरून पट्टे घेऊन तळातल्या कड्यांना आवळतात, हातब्रेक किंवा पार्किंग ब्रेक लावतात आणि चाकांना पाचरी लावतात. निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच पट्टे थोडे सैल पडतात, तेव्हा गाडी बाजूला घेऊन ते पुन्हा एकदा आवळावे लागतात.