माकडहाड आणि कोकिळेची चोच

भगिनींनो, आपल्या शरीरातील एका हाडाचे नाव आपण चारचौघींत सहसा घेत नाही. ते म्हणजे माकडहाड. कण्याच्या अगदी टोकाशी, बहुधा चार लहान मणक्यांचे मिळून झालेले हे इवलेसे हाड. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण या हाडाच्या नावांचा इतिहास वाचताना मला मोठी मौज वाटली, ती आपणांस सांगावी म्हणून हे चार शब्द.

माकडाला जेथे शेपूट फुटते तेथेच आपले हे हाड, तेव्हा मराठी नाव समजायला सोपे. ग्रीक लोकांना मात्र त्यात पक्षी दिसला! डॉक्टर लोक ज्याला ‘कॉक्सिक्स’ म्हणतात, तो शब्द ग्रीक ‘कोक्किक्स’ म्हणजे कुक्कू पक्षी यावरून आला. हा कुक्कू आपल्या कोकिळेचाच भाऊबंद. तोही परक्या घरट्यात अंडी घालतो, आणि दोघांची नावेही त्यांच्या आवाजावरूनच पडली. हे हाड बाजूने पाहावे तर टोकाकडे निमुळते आणि आत वळलेले, जशी काही त्याची चोचच.

इ. स. 129 साली जन्मलेल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांत हे नाव आढळते. त्या काळी रोममध्ये माणसाचे प्रेत चिरण्यास मोकळीक नव्हती, म्हणून त्याने माकडे चिरून शरीराचा अभ्यास केला. पुढे 1543 साली व्हेसेलियसने माणसांची प्रेते स्वतः तपासून गेलनच्या पुष्कळ चुका दाखविल्या. पण चोचीचे नाव टिकले ते टिकलेच. 1871 साली डार्विनने हे हाड म्हणजे शेपटीचा उरलेला अंश असे लिहिले. गर्भातही सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला इवलीशी शेपटी असते आणि दोन महिन्यांच्या सुमारास ती नाहीशी होते.

म्हणून हे हाड निरुपयोगी समजू नये. कमरेच्या तळाचे स्नायू त्याला धरून असतात, आणि बाळंतपणात ते किंचित मागे सरून बाळाला वाट देते. त्या वेळी ते दुखावूही शकते. माझ्या धाकट्याच्या वेळी मला दीड महिना पाटावर धड बसवत नव्हते. “बायकांचे असायचेच,” एवढेच उत्तर घरात मिळाले.

पण एडिंबरोचे डॉ. सिम्प्सन, ज्यांनी 1847 साली बाळंतिणीस क्लोरोफॉर्म दिला, त्यांना हे “असायचेच” वाटले नाही. त्यांनी 1859 साली या दुखण्यास ‘कॉक्सिगोडिनिया’ असे स्वतंत्र नाव दिले. त्यातही तोच पक्षी आणि ग्रीक भाषेतील ‘वेदना’ हा शब्द आहे. ज्या दुखण्याला नाव मिळते, त्याची दखल घेतली जाते. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळते, आणि आपणच त्याविषयी गप्प बसतो. लाजेने आपण “पाठ दुखते” म्हणतो, मग मलम चोळले जाते ते पाठीला!

तेव्हा भगिनींनो, पडल्यामुळे किंवा बाळंतपणानंतर बसताना तेथे कळ येऊ लागली, तर डॉक्टरांना जागा नेमकी सांगावी. मागे खाच असलेल्या उशीवर बसल्यानेही पुष्कळ जणींना आराम पडतो. आपल्या लेकीसुनांनाही हे सांगून ठेवावे. माकडाचे म्हणा वा कोकिळेचे म्हणा, हाड आपलेच आहे. त्याचे नाव घ्यायला लाज कसली?