खडीचा टवका

माझं बालपण भिलाईचं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. बाबा पुढे त्याच कारखान्यात लागले. आजोळ नागपूरला, रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी ताडकन आमच्या जुन्या गाडीवर आदळायची, रंगाचा टवका उडायचा. बाबा म्हणायचे, "टवका किती मोठा ते नको सांगू. आत पत्रा दिसतोय का, ते बघ." दाराखाली एकदा दिसला होता. आम्ही दुर्लक्ष केलं. दोन पावसाळ्यांत तिथे भोक पडलं आणि गाडी भंगारात गेली.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या अभियंत्यांपुढेही होता. रस्त्यावरचा एक दगड दुसऱ्यासारखा नसतो, मग कुठला रंग टिकाऊ हे ठरवायचं कसं? १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या एसएई या संस्थेने 'जे ४००' ही पद्धत ठरवली. ९.५ ते १६ मिलिमीटरची, पाण्याने गुळगुळीत झालेली खडी चाळून घ्यायची. तिचं एक पाइंट माप हवेच्या दाबाने रंगवलेल्या पत्र्यावर मारायचं. सुटलेले पोपडे चिकटपट्टीने ओढून काढायचे आणि टवके मोजायचे. थंडीत रंग ठिसूळ होतो, म्हणून गोठवलेल्या पत्र्यावरही हाच मारा करतात.

पण खाणीगणिक खडी बदलते. २००५ साली आलेल्या आयएसओ २०५६७-१ मध्ये खडीऐवजी ओतीव लोखंडाचे टोकदार कण आले. लोखंडाला राखणारा रंग लोखंडानेच पारखायचा!

तोवर रंगही बदलला होता. १९६०च्या दशकात फोर्डने गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने अस्तर चढवायला सुरुवात केली. सांदीकोपऱ्यातही ते बसू लागलं. पुढच्या दशकात सांगाड्यालाच ऋण ध्रुव करण्याची रीत आली, आणि गंजापासूनचं संरक्षण आणखी वाढलं. आज सगळे थर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर असते. वरचा थर उडाला तरी अस्तर शाबूत राहिलं, तर पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून तपासनीस टवक्यांची संख्या आणि आकार लिहितोच. शिवाय रंग कुठल्या थरापाशी तुटला, हेही नोंदवतो.

बाबांनी जे पाहायला सांगितलं होतं, तेच.