क्यूजीआयएसमधलं बफर टूल: ५०० मीटर म्हणजे नक्की किती?

जीआयएस शिकायला बसलं की पहिल्या दिवशी भेटणारं टूल म्हणजे बफर. बिंदू किंवा रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखणं एवढंच त्याचं काम. तरी मी कुणाला शिकवताना सर्वात जास्त वेळ इथेच घालवतो.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. महाराष्ट्राच्या १९९३च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली. समजा, तुमच्याकडे एका तालुक्यातल्या अशा स्रोतांचा एक लेयर आहे आणि विहिरींचा दुसरा. कुठल्या विहिरी ५०० मीटरच्या आत आहेत? इथे गडबड झाली तर कुणाची तरी विहीर उगाच यादीत जाते, नाहीतर गावाच्या पाण्याला लागून असलेला उपसा यादीतून सुटतो.

मोबाइलवर घेतलेले बिंदू बहुतेक वेळा ईपीएसजी:४३२६ मध्ये येतात, म्हणजे एकक अंश. तिथे ५०० टाकलं तर सॉफ्टवेअर ते ५०० अंश धरतं. काही जण मग हिशेब करून ०.००४५ अंश टाकतात. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे उत्तर-दक्षिण जमून जातं. पण पुण्याच्या आसपास रेखांशाचा एक अंश जेमतेम १०५ किलोमीटर भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ४७५ मीटरच्या आसपासच येतं.

म्हणून आधी दोन्ही लेयर मीटरमध्ये आणा. पुणे, कोल्हापूर, नाशिक यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतात, ईपीएसजी:३२६४३. नागपूर, चंद्रपूर मात्र ४४ मध्ये, ईपीएसजी:३२६४४; सीमा ७८ अंश पूर्व रेखांशाची. यासाठी 'रीप्रोजेक्ट लेयर' वापरायचं. 'सेट लेयर सीआरएस' नाही! ते आकडे बदलत नाही, फक्त वरची पाटी बदलतं. आणि खालच्या कोपऱ्यात प्रोजेक्टचा सीआरएस मीटरचा दिसतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. बफर लेयरचं एकक बघतं.

पुढची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बफरचं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं. 'सेगमेंट्स'चा डिफॉल्ट आकडा ५ असतो, म्हणजे पाव वर्तुळाला ५ सरळ रेषा, एकूण २० बाजूंची आकृती. तिचे कोपरे ५०० मीटरवर, पण बाजूंचे मध्य ४९४ मीटरच्या जवळ. ४९७ मीटरवरची विहीर त्यामुळे बाहेर राहू शकते. आकडा ५० करा, फरक काही सेंटीमीटरवर येतो.

आता विहिरी निवडायच्या. 'क्लिप' बफरमधल्या विहिरी कापून देतं, पण सोबत फक्त विहिरींचीच माहिती येते. कोणती विहीर कोणत्या स्रोताजवळ आहे हे हवं असेल तर 'इंटरसेक्शन' चालवा, त्यात दोन्ही लेयरचे कॉलम येतात. बफर करताना 'डिझॉल्व्ह'वर टिक केली असेल तर सगळे पट्टे एक होतात आणि ही जोडी लावता येत नाही, तेव्हा ती टिक काढून ठेवा.

पडताळणीसाठी मी 'जॉइन अ‍ॅट्रिब्यूट्स बाय निअरेस्ट' चालवतो. ते प्रत्येक विहिरीपुढे जवळच्या स्रोताचं अंतर लिहितं. त्यातल्या ४९० ते ५१० मीटरच्या विहिरी मी वेगळ्या काढतो. मोबाइलचं जीपीएसच पाच-दहा मीटर इकडेतिकडे जातं, त्यामुळे या विहिरींचा निकाल स्क्रीनवर लावण्यात अर्थ नाही. तिथे जाऊन मोजावं लागतं.