पितळ, पागा आणि पावसाळा

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला. पगार, बटाटा, चावी यांच्यासारखाच तोही मराठीत असा मुरला की आज परका वाटत नाही. शब्द आला तेव्हा काडतूस कागदाचे होते. दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत गुंडाळलेली, आणि ती पुडी शिपायाने दातांनी फाडायची. १८५७ साली एन्फिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या पुडीवरून काय घडले, ते आपण सगळे शाळेत शिकलो. पुढची गोष्ट मात्र शाळेत कोणी सांगितली नाही. कागद गेला, पितळ आले, आणि त्या पितळेने हिंदुस्थानच्या पावसाळ्यात असा दगा दिला की त्याचे नाव जगाच्या धातुशास्त्रात कायमचे राहिले.

काडतुसाच्या नळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. हेच मिश्रण का, याला कारण आहे. बार उडाला की नळी क्षणभर फुगते आणि बंदुकीची मागची बाजू घट्ट बंद करते. लगेच ती थोडी आकसते, म्हणून सहज बाहेर ओढून काढता येते. ही नळी ओतून करत नाहीत. पितळेच्या चकतीची आधी वाटी, मग ती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी. प्रत्येक ओढणीला धातू कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करावा लागतो. आपला तांबट कळशी ठोकताना ती अधूनमधून भट्टीत घालतो, ते याच कारणासाठी.

एवढ्या मेहनतीची नळी एका बाराला फेकून देणे परवडत नसे. १८७० च्या दशकात अमेरिकेत बायसनची शिकार करणारे लोक रिकाम्या नळ्या जपून ठेवत आणि शेकोटीजवळ बसून त्यांत नवी दारू, नवी गोळी भरत. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते आणि पितळ खाते, म्हणून नळ्या वेळीच पाण्याने धुणे भाग असे. पितळी काडतूस धुण्याची कला अशी पितळी काडतुसाइतकीच जुनी आहे.

आता पावसाळ्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत. दारूगोळा कोरड्या जागी ठेवायचा म्हणून तो घोड्यांच्या पागांत रचून ठेवत. पाऊस ओसरल्यावर पेट्या उघडल्या की बऱ्याच नळ्यांना उभे तडे गेलेले दिसत, विशेषतः जिथे नळीचे तोंड गोळीभोवती आवळलेले असते तिथे. कोणी हात लावला नव्हता, कोणी ठोकले नव्हते. तडा गेलेले काडतूस ऐन वेळी शिपायाच्या हातात आले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. तडे ऋतूप्रमाणे येत, म्हणून इंग्रजांनी या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हटले, म्हणजे ऋतूचे तडे. तो ऋतू आपला मृगापासूनचा पाऊस!

रोगाला नाव मिळाले तरी कारण नीट उलगडायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिले की दोष एकट्या पावसाचा नव्हता. पागेत घोड्यांच्या मुतापासून अमोनिया तयार होतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि त्यातले तांबे विरघळवू लागतो. पण तेवढ्याने तडा जात नाही. ओढून बनवलेल्या नळीत एक ताण आतल्या आत कोंडलेला असतो. ताण आतून, अमोनिया बाहेरून, आणि पितळ कणाकणाच्या सीमेवर उकलते. उपायही त्यातूनच निघाला. नळी शेवटी बेताने तापवली की तो ताण निघून जातो. लष्करी काडतुसांच्या मानेवर अनेकदा निळसर-तपकिरी छटा दिसते ना, ती याच तापवण्याची खूण. चकाकी घालवणारी ती छटा मुद्दाम पुसत नाहीत.

आज परदेशात नेमबाजीचे शौकीन वापरलेल्या नळ्या पुन्हा भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायलाही परवाना लागतो.) त्या साफ करायची त्यांची ओली पद्धत पाहून आपल्या बायकांना हसू येईल. आधी नळीच्या बुडातली वापरलेली टोपी काढतात. मग फिरत्या पिंपात नळ्या, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक सुया घालून ते दोन-तीन तास फिरवतात. मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुशात कोरडे घोळवण्याचीही पद्धत आहे, पण त्यात टोपीतल्या शिशाची धूळ नाकात जाते. ओल्या पद्धतीत ती पाण्यातच राहते.

सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाचा आंबटपणा. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली ते लिंबाच्या रसातून वेगळे काढले. आपण चवथीच्या आधी समया घासतो त्या चिंचेने किंवा सोलांनी. चिंचेत टार्टारिक आम्ल, सोलांत सायट्रिकचेच भावंड. काम सगळ्यांचे एकच: पितळेवरचा काळपट थर विरघळवायचा आणि खालचे पितळ जवळजवळ तसेच ठेवायचे. आंबटही अति झाले तर जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. म्हणूनच चिंच चोळून झाली की लगेच खळखळून धुवायची, ही घरातली शिस्त.

आणि नळ्या पुन्हा भरणाऱ्यांचा एक नियम आहे: अमोनिया असलेले पॉलिश पितळेला लावायचे नाही. चकाकी झटपट येते, पण पागेतली गोष्ट पुन्हा घडू शकते. नळीची तब्येत चकाकीवरून कळत नाही. काळवंडलेली नळी धडधाकट असू शकते आणि आरशासारखी लखलखीत नळी आतून तडकलेली असू शकते.

डिचोलीच्या कारागिरांची ओतीव समई सोडा, तिच्यात असा ताण फारसा नसतो. पण ठोकून किंवा ओढून घडवलेली जुनी घागर, कळशी घरात असेल, तर बाजारातल्या पॉलिशच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचून मगच हात घाला, असे मी म्हणेन. गोव्याचा पावसाळा दमट आहे आणि गोठा अजून काही घरांना लागून आहे. अशी भांडी गोठ्याच्या माळ्यावर ठेवू नका. चिंच आणि सोलां आपल्या स्वयंपाकघरात आहेतच.